वीज पडली, पण नेमकी कुठे?

आमच्या गावात एका वळिवाच्या संध्याकाळी वीज पडली. पाऊस उघडला, माणसं ओट्यांवर आली आणि जो तो ती कुठे पडली ते सांगू लागला. आजीच्या मते ती आमच्या गोठ्यामागे पडली होती. ओढ्यापलीकडच्या काकांना ती त्यांच्या विहिरीवर पडल्याची खात्री होती. एसटीच्या थांब्यावर अडकलेल्या दोघा-तिघांनी तर शाळेच्या पत्र्यावर ती उतरताना डोळ्यांनी पाहिली होती. दुसऱ्या दिवशी गुरं घेऊन गेलेल्या मुलाला माळावरचा निंब उभा चिरलेला दिसला. शेंड्याकडून बुंध्यापर्यंत हातभर रुंदीची साल सोलून निघाली होती. तो निंब गोठ्यापासूनही लांब होता, विहिरीपासूनही आणि शाळेपासूनही.

त्या संध्याकाळी कोणीच खोटं बोललं नव्हतं. जवळपास पडलेली वीज प्रत्येकाला आपल्याच दारात पडल्यासारखी वाटते, कारण डोळे दिपलेले असतात, कान बधिर झालेले असतात आणि छाती धडधडत असते. अशा साक्षीदाराकडून दिशा आणि अंतर मिळत नाही, फक्त भीतीचं माप मिळतं. म्हणूनच आपल्याकडे विजेबद्दलचा पहिला प्रश्न बहुधा ‘कोणावर’ आणि ‘का’ असा असतो. गेलेला माणूस पायाळू होता का, अशी चौकशी आजही काही गावांत दबक्या आवाजात होते. जन्मताना पाय आधी बाहेर आले म्हणून आकाश कोणाला हेरत नाही. पण ‘कुठे’ या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळत नव्हतं, तोवर ‘का’च्या जागी अशा समजुती बसणारच होत्या.

या पुस्तकाचा विषय एवढाच आहे: मर्यादित टापूत, म्हणजे एखाद्या गावाच्या शिवारात, विमानतळावर, वीजवाहिनीच्या मनोऱ्यांच्या रांगेत किंवा अग्निबाणाच्या प्रक्षेपणतळावर पडलेली वीज मोजमापाने हुडकून काढणं. देशभराच्या नकाशावर विजांचे ठिपके दाखवणं हे निराळं काम आहे. लहान टापूतलं काम जास्त अवघड असतं, कारण तिथे उत्तर चुकलं तर ते लगेच कोणाच्या तरी अंगावर येतं.

सगळ्यात जुनं साधन आपल्या सगळ्यांकडे आहे. लखलखाट दिसल्यापासून कडकडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि त्यांना तिनाने भागायचं, की किलोमीटर मिळतात. प्रकाश जवळजवळ तत्काळ पोचतो आणि आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो, म्हणून हा हिशेब जमतो. पण त्यातून अंतर कळतं, दिशा नाही. शिवाय त्या अंतरातही एक खोच आहे. विजेची वाट ही काही किलोमीटर लांबीची वेडीवाकडी रेघ असते. तिचा जो भाग आपल्याला सर्वांत जवळ, तिथला आवाज आधी येतो आणि लांबच्या फांद्यांचा मागाहून, म्हणून गडगडाट इतका वेळ रेंगाळतो. पहिला आवाज ऐकून आपण जे अंतर काढतो ते विजेच्या वाटेच्या जवळच्या टोकाचं असतं. जमिनीला ती टेकली ती जागा त्याहून बरीच लांब असू शकते. आणि पंधरा-वीस किलोमीटरच्या पलीकडचा आवाज तर बहुतेक वेळा पोचतच नाही.

म्हणून आवाज सोडून दुसऱ्या खुणेकडे वळावं लागलं. वीज चमकते तेव्हा प्रकाश आणि आवाजाबरोबर रेडिओ लहरीही निघतात. रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकताना मधूनच होणारी खरखर ज्यांनी ऐकली आहे त्यांनी विजेचा हा तिसरा आवाज ऐकलेला आहे. रशियात अलेक्झांडर पोपोव्ह यांनी १८९५ साली याच खुणेवर चालणारं उपकरण बनवलं आणि दूरच्या वादळांतल्या विजा ते आपोआप नोंदवू लागलं. पोपोव्ह यांना वीज चमकल्याचं कळत होतं, पण कुठे चमकली हे त्यांच्या यंत्राला सांगता येत नव्हतं. ते सांगण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न इंग्लंडात रॉबर्ट वॉटसन-वॉट यांनी केला. पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांना वादळांची आगाऊ खबर मिळावी म्हणून ते विजेच्या रेडिओ खरखरीमागे लागले. १९२०च्या दशकात काटकोनात उभ्या केलेल्या दोन अँटेना आणि एक कॅथोड-रे नळी एवढ्या सामग्रीवर त्यांनी विजेची दिशा पडद्यावर रेघेच्या रूपात उमटवली. दोन ठिकाणांहून दोन रेघा काढायच्या, त्या जिथे छेदतील तिथे वीज. पुढे रडारच्या इतिहासात नाव झालेला हा माणूस आधी विजांचा माग काढत होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

दिशेची रेघ दिसायला सरळ असली तरी फसवी असते. वीज तिरकी धावते, आडवी धावते, ढगातल्या ढगातही फिरते आणि अशा आडव्या प्रवाहांची लहर अँटेनाला चुकीची दिशा दाखवते. हा पेच सुटला तो १९७६ साली, फिलिप क्रायडर, मार्टिन उमन आणि त्यांचे सहकारी या संशोधकांकडून. त्यांची युक्ती ऐकायला साधी आहे, पण ती सुचायला विजेचं अंतरंग माहीत असावं लागतं. ढगातून उतरणारी वीज आधी साधारण पन्नास-पन्नास मीटरच्या पायऱ्यांनी, चाचपडत खाली येते. तिचं टोक जमिनीशी जुळलं की खालून वर एक प्रचंड प्रवाह उसळतो. आपल्याला डोळे दिपवणारा जो लखलखाट दिसतो तो मुख्यतः या परतीच्या प्रवाहाचा. त्याच्या पहिल्या काही मायक्रोसेकंदांत तो जमिनीलगतच्या शे-दोनशे मीटरांतच असतो आणि तिथे विजेची वाट बहुधा जवळजवळ उभी असते. तेव्हा लहरीचा तेवढाच सुरुवातीचा तुकडा घ्यायचा आणि उरलेला टाकून द्यायचा. यामुळे दिशा सुधारलीच, शिवाय लहरीच्या आकारावरून जमिनीवर पडलेली वीज ढगातल्या विजेपासून वेगळीही काढता आली. या यंत्रांचा पहिला मोठा उपयोग अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या आणि अलास्काच्या जंगलांत झाला, कारण तिथे विजेने लागलेला वणवा लवकर सापडणं फार गरजेचं होतं.

दिशेच्या जोडीला मग वेळ आली. माझ्या मते या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट इथे आहे. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. सेकंदाचे दहा लाख भाग केले आणि त्यातल्या एका भागाची चूक झाली, तर विजेची जागा तीनशे मीटर सरकते, म्हणजे या शेतातली वीज चार बांध ओलांडून पलीकडच्या शेतात जाऊन पडते. ‘कुठे’ हा प्रश्न इथे ‘केव्हा’ या प्रश्नात विरघळतो. एकाच विजेची लहर निरनिराळ्या संवेदकांवर निरनिराळ्या क्षणी पोचते. वीज नेमकी कधी चमकली ते आपल्याला माहीत नसतं आणि त्याची गरजही नसते. दोन संवेदकांमधला पोचण्याचा फरक कळला की वीज एका अपास्त रेषेवर कुठेतरी आहे एवढं ठरतं. तिसरा संवेदक दुसरी अपास्त रेषा देतो, दोन्ही जिथे छेदतात ती जागा. कधी त्या दोन ठिकाणी छेदतात आणि मग चौथा संवेदक खरी कोणती ते सांगतो. अकरावी-बारावीत अपास्त शिकताना याचा उपयोग काय, असं विचारणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे वाचायला द्यावं.

यासाठी सगळ्या संवेदकांची घड्याळं एकमेकांशी तंतोतंत जुळलेली असायला हवीत. पूर्वी ते जिकिरीचं आणि खर्चाचं काम होतं. जीपीएस आल्यावर ते सोपं झालं, कारण जीपीएसचे उपग्रह जागेबरोबर वेळही सांगतात आणि तीही मायक्रोसेकंदाच्या अंशापर्यंत. जर्मनीत उगम पावलेल्या ब्लिट्झऑर्टुंग या हौशी मंडळींच्या जाळ्याने याच जोरावर घराघरांतून संवेदक उभे केले. त्यांच्या नावाचा अर्थही विजेचं ठिकाण शोधणं असाच आहे. अँटेना, वर्धक, जीपीएस आणि इंटरनेट एवढ्या सामग्रीत एखाद्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा या कामात उतरू शकते. पत्र्याची शेड, वीजतारा आणि पंपांच्या मोटारी यांच्यापासून अँटेना लांब ठेवणं मात्र समीकरणांपेक्षा जास्त घाम काढतं.

लहान टापूत हे सगळं किती गंभीरपणे घेतलं जातं ते पाहायचं तर फ्लोरिडाच्या केप कॅनाव्हरलला जावं लागतं. उन्हाळ्यातल्या दुपारी द्वीपकल्पाच्या दोन्ही किनाऱ्यांवरून येणारे समुद्री वारे तिथे एकमेकांना भिडतात आणि गडगडाटी ढग उभे राहतात. अमेरिकेतल्या सर्वाधिक विजांच्या प्रदेशातच त्या देशाने आपले अग्निबाण उभे केले.

१४ नोव्हेंबर १९६९ रोजी तिथूनच अपोलो १२ हे यान घेऊन अग्निबाण पावसाळी ढगांतून वर गेला आणि उड्डाणानंतर ३६व्या सेकंदाच्या सुमारास त्यावर वीज पडली, ५२व्या सेकंदाला पुन्हा. यानातले इंधनघट बंद पडले, नियंत्रण कक्षातल्या पडद्यांवर अर्थहीन आकडे दिसू लागले. जॉन आरन या तरुण अभियंत्याने त्या गोंधळातून एका अपरिचित बटणाची आठवण करून दिली, यानातल्या अ‍ॅलन बीन यांना ते बटण कुठे आहे ते ठाऊक होतं, आणि मोहीम वाचली. ती वीज त्या अग्निबाणानेच ओढून आणली होती. शंभर मीटरहून उंच धातूचा देह आणि त्याखाली लांबवर पसरलेली तप्त वायूंची शेपटी यांनी ढगातल्या विद्युतभाराला वाट करून दिली. न पडलेली वीज कुठे पडेल ते विजा शोधणारं यंत्र सांगू शकत नाही. म्हणून केपवर जमिनीजवळचं विद्युतक्षेत्र मोजणाऱ्या तीसेक फील्ड मिल पसरल्या आहेत. डोक्यावरच्या ढगात किती भार साठला आहे त्याचा अंदाज त्या देतात.

हा धडा पुरेसा नव्हता. २६ मार्च १९८७ रोजी अ‍ॅटलस-सेंटॉर अग्निबाण अमेरिकी नौदलाचा दळणवळण उपग्रह घेऊन ढगांत शिरला, त्यावर वीज पडली, उड्डाण सांभाळणाऱ्या संगणकाच्या स्मृतीतली नोंद बदलली आणि अग्निबाण एकाएकी वळून मोडला. यानंतर उड्डाणाच्या वेळी कोणते ढग किती लांब हवेत याचे नियम नव्याने लिहिले गेले.

जमिनीवर पडणाऱ्या विजांसाठी तिथे वेगळं जाळं होतं, ढगातल्या विजांसाठी वेगळं. दुसऱ्या जाळ्याची सुरुवात एक केंद्र मधोमध आणि सहा भोवती अशा मांडणीने झाली. वीज ढगात फाटे फोडत पुढे सरकते तेव्हा अतिउच्च वारंवारतेच्या बारीक ठिणग्यांसारख्या लहरी निघतात. त्या एकेक टिपून विजेची पूर्ण त्रिमितीय वाट उभी करता येते. वादळ तळाकडे सरकत असलं की ढगातल्या या हालचाली जमिनीवर पहिली वीज पडण्याच्या आधीच दिसू लागतात. मैदानात काम करणाऱ्यांना सावध करायची वेळ तीच असते. पाच सागरी मैलांच्या, म्हणजे नऊएक किलोमीटरच्या आत वीज अर्ध्या तासात येईल असं दिसलं की तिथे पहिला इशारा निघतो आणि ती येऊन ठेपली की दुसरा. दुसऱ्या इशाऱ्याला उघड्यावरची कामं थांबतात.

पण मला केपवरचं सगळ्यात शिकवून जाणारं काम वाटतं ते वादळ ओसरल्यानंतरचं. तळावर अग्निबाण उभा असताना आसपास वीज पडली, तर थेट न शिवताही ती जवळच्या तारांमध्ये प्रवाह उत्पन्न करू शकते. उपग्रहाचे नाजूक भाग त्यात बिघडले असतील का, ते पुन्हा तपासायचे का, उड्डाण पुढे ढकलायचं का, हे अभियंत्यांना ठरवायचं असतं. त्यांना नकाशावर एक ठिपका दिला तर ते तो स्वीकारत नाहीत. त्यांना लंबवर्तुळ हवं असतं: मोजमापातल्या चुका धरून, वीज अमुक खात्रीने या लंबवर्तुळाच्या आत पडली आहे, असं सांगणारं. संवेदकांच्या मधोमध वीज पडली तर ते लहान आणि गोलसर निघतं, जाळ्याच्या कडेला किंवा बाहेर पडली तर लांबट होत जातं. मग प्रश्न बदलतो. वीज त्या ठिपक्यावर पडली का, हे विचारायचं राहत नाही. वीज अग्निबाणापासून अमुक मीटरच्या आत पडलेली असण्याची शक्यता किती, हे विचारायचं असतं. ठिपका पाऊण किलोमीटर लांब असेल, पण लंबवर्तुळ अग्निबाणाला शिवत असेल तर तपासणी करावी लागते. ठिपका त्याहून जवळ असेल, पण लंबवर्तुळ चिमुकलं आणि स्वच्छ वेगळं असेल तर कामं पुढे सरकतात.

२५ ऑगस्ट २००६ रोजी प्रक्षेपणाला दोनच दिवस उरले असताना अटलांटिस या अंतराळयानाच्या तळावर वीज पडली, तळाच्या वीजरोधकाच्या तारेवर. प्रवाह सुमारे एक लाख अँपियरचा. साधारण विजेतला पहिला झोत तीसेक हजारांचा असतो. यान शाबूत होतं, पण त्याची खात्री करण्यातच दिवस गेले. त्यात चक्रीवादळाची भीती आली, यान मागे न्यायला निघालं, अर्ध्या वाटेतून परत तळावर आणलं आणि अखेर ९ सप्टेंबरला उडालं. या प्रसंगात वीज तारेवर पडली हे निश्चित कळलं म्हणून पुढचे प्रश्न नीट विचारता आले. ती कुठे पडली याचीच शंका असती तर तपासणीला अंत राहिला नसता.

जाळं सांगतं ते खरं आहे का, हे तपासायची सोयही फ्लोरिडातच झाली. कॅम्प ब्लँडिंग इथे फ्लोरिडा विद्यापीठाचे संशोधक १९९३ पासून गडगडाटी ढगांखाली छोटे अग्निबाण सोडून, त्यांच्यामागे बारीक तार उलगडत नेऊन वीज मुद्दाम खाली आणू लागले. तशी वीज कुठे आणि कोणत्या क्षणी पडली ते त्यांना बिनचूक माहीत असतं. मग जाळ्याने दिलेली जागा शेजारी ठेवायची आणि चूक मोजायची. मोजमापाची चूकच मोजायला धजावणारं हे काम या पुस्तकात मी मुद्दाम विस्ताराने दिलं आहे.

आता आपल्याकडे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने महाराष्ट्रात वीसेक संवेदक बसवून आपल्या जाळ्याची सुरुवात केली आणि पुढे देशभरात त्यांची संख्या ऐंशीच्या वर गेली. त्याच नोंदींवर ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप चालतं. आपण उभे आहोत तिथून २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळांत विजा पडत आहेत का, ते त्यावर दिसतं. देशात दरवर्षी अडीच हजारांहून जास्त माणसं विजेने मरतात. त्यात शेतात राबणारी, गुरं राखणारी, पाऊस आला म्हणून झाडाखाली उभी राहिलेली माणसं फार असतात. आपल्याकडे ही मरणं वळिवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात जास्त, म्हणजे पेरणीपूर्व मशागतीत आणि सोयाबीनच्या काढणीत, जेव्हा माणसं दिवसभर उघड्यावर असतात. वीस किलोमीटरवर विजा आहेत हे कळणं त्या माणसासाठी पुरेसं आहे. त्याला लंबवर्तुळ नको, पक्क्या घराकडे निघायला वेळ हवा, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास आत थांबायची मुभा हवी. मजुरीवर आलेल्या बाईला ही मुभा मुकादमाने द्यायची असते, हे कोणत्याही अ‍ॅपमध्ये लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहितो.

त्याच विजेबद्दल दुसऱ्या दिवशी तलाठी पंचनाम्याला येतात तेव्हा प्रश्न निराळा असतो. मृत्यू विजेनेच झाला का, त्या वेळी जमिनीच्या त्या गटात वीज पडली होती का? इथे वीस किलोमीटरचं वर्तुळ निरुपयोगी आहे. इथे केपवरच्या अभियंत्यांसारखं लंबवर्तुळ लागतं, वेळेसह आणि खात्रीच्या आकड्यासह. शेकडो किलोमीटर अंतरावर बसवलेल्या संवेदकांचं जाळं एका गटनंबरापर्यंत पोचेलच असं नाही, ते पोचवायचं तर तालुक्याच्या पातळीवर दाट जाळं हवं. महाविद्यालयांच्या गच्च्या, कृषी संशोधन केंद्रं, वीज उपकेंद्रांपासून योग्य अंतरावरच्या मोकळ्या जागा आपल्याकडे आहेत. तारेवर वीज पडून वाहिनी बंद पडली की कोणत्या दोन मनोऱ्यांमध्ये माणसं पाठवायची, हेही असं जाळं सांगू शकेल.

पहिल्या प्रकरणाच्या शेवटी एक उदाहरण सोडवायला दिलं आहे. त्यात एक गाव, एक ओढा, एक शाळा आणि तीन संवेदक आहेत. संवेदकांवर लहर पोचण्याच्या वेळा मायक्रोसेकंदांत दिल्या आहेत आणि प्रत्येक वेळेत किती चूक असू शकते तेही. आलेखाच्या कागदावर रेषा काढल्या की लंबवर्तुळ माळावर उतरतं. ते निंबापेक्षा बरंच मोठं निघतं, पण गोठा, विहीर आणि शाळेचे पत्रे तिन्ही त्याच्या बाहेर राहतात.